आई नसलेल्या लेकराचं दूध

मांजर या प्राण्याविषयी माझं मत आधीपासून वाईट आहे आणि ते मी कचेरीत लेखी मांडलेलं आहे. आखाडा बाळापूरच्या पाटबंधारे कचेरीत मी वरिष्ठ लिपिक. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एक मांजरी कालव्याच्या जुन्या नकाशांवर व्याली, तेव्हा ‘सदर मांजरीचा बंदोबस्त होणेस विनंती’ अशी टिपणी मीच साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी तीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला. कुणाशी करावी हे लिहिलं नाही. तेवढ्यात मांजरीनं आपलं प्रकरण स्वतःच निकाली काढलं. नांदेड रस्त्यावर ती हळदीच्या ट्रकखाली आली. मागची पिल्लं बोक्यानं उचलली. एक उरलं. साहेब म्हणाले, “टिपणी तुमची होती ना? मग आता तुम्हीच बघा.”

सरकारी नोकरीत जो लिहितो त्याच्याच गळ्यात पडतं, हे मला एवढ्या नोकरीत कळायला हवं होतं. ज्यांनी कधी काही लिहिलंच नाही असे लोक आमच्या खात्यात सुखानं निवृत्त झालेत.

पिल्लू डब्याच्या पिशवीत घातलं. बाजाराच्या मागे सोडून द्यायचं असं ठरवलं होतं. पण बाजारात ओळखीची माणसं फार. पिशवीतून आवाज येतोय म्हटल्यावर चार जण थांबले आणि चौघांनी विचारलं, “साहेब, डब्यात काय हाय?” वरिष्ठ लिपिकाच्या डब्यात काही जिवंत असावं हे पदाला शोभणारं नव्हतं. मी तडक घरी आलो आणि साधनाला म्हणालो, “आजची रात्र राहू दे, उद्या याची सोय लावतो.”

साधना माझी बायको. तिनं पिशवीत पाहिलं, पिल्लू बाहेर काढलं आणि पदरात घेतलं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, अंगावर नुसती लव. घरात आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. त्याविषयी मी इथं जास्त लिहीत नाही, कारण गावानं त्यावर पुरेसं बोलून ठेवलेलं आहे.

आमच्या भिंतीला भिंत लागून संपतरावांचं घर. तहसिलातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ल्यांचा इतका साठा झालाय, की माणूस आजारी पडो, मोटार बिघडो की लग्न मोडो, ते बनियनवरच हजर होतात. पिल्लू बघून ते म्हणाले, “गाईचं दूध द्या, साखर घालून. वर जायफळ उगाळा. आमच्या साहेबांच्या कुत्र्याला असंच वाढवलं व्हतं.”

त्या कुत्र्याचं पुढं काय झालं हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. पिल्लाला दिवसभर जुलाब झाले. साधनानं त्याला ड्रॉपरनं थेंब थेंब दूध पाजलं होतं, तेही चुकीच्या तऱ्हेनं, म्हणजे लेकरासारखं मांडीवर उताणं धरून. निम्मं दूध नाकात गेलं. पिल्लू शिंकलं, थरथरलं आणि लोळागोळा होऊन पडलं. साधना माझ्याकडे बघायला लागली. तिची ती नजर मी ओळखतो. आमच्या लग्नानंतर दवाखान्यांच्या वाऱ्या चालू होत्या तेव्हा डॉक्टर केसपेपर वाचत असायचे आणि ती अशीच माझ्याकडे बघायची. मी पिशवी उचलली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

दवाखाना कुठला ते सांगत नाही, पण तिथं संगणक होता. संगणकासमोरच्या माणसानं विचारलं, “जनावर कोणतं?”

“मांजर.”

त्यानं बराच वेळ पडदा वरखाली केला. “मांजर न्हाई यात. गाय हाय, म्हैस हाय, शेळी, मेंढी, कोंबडी. कानात बिल्ला हाय का?”

“अहो, डोळे उघडले नाहीत अजून. बिल्ला कुठला?”

“मग पावती कशी फाडू? पावतीबिगर डॉक्टरसाहेब हात लावत न्हाईत.”

मी स्वतः कागदाचा माणूस. त्यामुळे त्याची अडचण मला त्याच्याइतकीच कळत होती, हे माझं दुर्दैव. शेवटी आम्ही दोघांनी समजुतीनं मार्ग काढला आणि पावतीवर ‘करडू’ असं लिहिलं. डॉक्टर भले होते. पिल्लू तळहातावर घेऊन ते म्हणाले, “गाईचं दूध एकदम बंद. याच्या जातीची पावडर मिळते, पण ती हिंगोलीला सांगून मागवावी लागेल, तोवर हे राहत नाही. शेळीचं ताजं दूध द्या, कोमट करून, पालथं धरून. पोटाखाली ओल्या कापसानं पुसायचं, नाहीतर याला लघवी होत नाही. आईनं चाटण्याचं काम तुम्हाला करावं लागेल.” मी मान डोलावली. चाटणं हा माझ्या कामाचा भाग आहे हे तोपर्यंत फक्त कचेरीत बोललं जात होतं.

आता शेळीचं दूध. गावाबाहेर हटकरांची वस्ती आहे, मेंढरं-शेळ्या पाळणारी. त्यातल्या चांगुणाबाईची शेळी नुकतीच व्यालेली होती. मी निघालो, तर संपतराव फाटकात आडवे आले.

“मांजरासाठी मागताव? मग गेल्या पावली परत या. मांजराचं तोंड लागलं की शेळी आटती म्हन्त्यात ती लोकं. थेंब देणार न्हाईत.”

“मग काय करू?”

“मांजर काहून म्हन्ता? लेकरू म्हना. आई मेलेलं लेकरू आलंय म्हना. हटकराच्या घरी त्याला कोणी न्हाई म्हनत न्हाई.”

हे वाक्य त्यांनी म्हटलं, हे मी इथं स्पष्ट नोंदवून ठेवतो. पुढं त्यांनी ते म्हटलंच नाही असं ठरलं.

चांगुणाबाई अंगणात शेळीला पाला घालत होती. उंच बाई, हातात चांदीचे गोठ, कपाळावर आडवं कुंकू. मी रस्ताभर वाक्याची जुळवाजुळव करत आलो होतो. “माझ्या मावसबहिणीची लेक बाळंतपणात गेली. लेकरू आमच्याकडे आणलंय. आईचं दूध नाही.”

मला एकही मावसबहीण नाही. जी नव्हतीच तिची लेक मी दोन वाक्यांत मारून टाकली आणि मला काहीच वाटलं नाही. चांगुणाबाईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

“काय म्हन्ता साहेब! आन् तुमी रिकामे हात हालवत आले? थांबा, गिलास आनते.” तिनं तिथंच बसून धार काढली. मी खिशात हात घातला तशी ती चिडली. “पैसा न्हाई. आई मेलेल्या लेकराच्या दुधाचा पैसा घेत न्हाईत आमच्यात. रोज सकाळी येऊन न्या. आन् ऐका, जी दूध देती ती दूधआई असती. बारशाला मी येईन. मह्या हातानं काळा दोरा बांधीन, मेंढीच्या लोकरीचा. मंग त्याला कशाची नजर लागत न्हाई.”

मी घरी येऊन साधनाला सांगितलं. ती इतकी संतापली की चमचा ताटात आपटला. “असं अभद्र बोलवलं कसं तुम्हाला? लेकरू म्हणालात? आपल्या घरात?” पण दूध कोमट करत होती. पिल्लानं त्या दिवशी पहिल्यांदा ड्रॉपरला पंजे लावले आणि ओढ घेऊन प्यायलं. पिऊन झाल्यावर त्याचं पोट ताठ गोल झालं आणि तोंडाशी दुधाचा फेस राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गिलास धुऊन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “लवकर जा, ऊन व्हायच्या आत.”

बाळापुरात बातमीला पाय लागतात असं म्हणतात. माझ्या बातमीला जीप मिळाली असावी. मी दूध घेऊन गल्लीत शिरायच्या आत संपतरावांच्या बायकोनं, शकुबाईनं, मला अडवलं. “काय हो भाऊजी, लेकरू आणलं आन् शेजारी असून आमाला पत्ता न्हाई?” मी संपतरावांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते. बायकोपासून काहीही लपवून ठेवायचं त्यांचं कसब तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेवढ्यात आमच्या घरातून पिल्लाचा बारीक आवाज आला आणि शकुबाईनं पदर डोळ्याला लावला. “किती बारीक रडून राहिलं माय! लई अशक्त दिसतंय.”

“अजून कुणाला दाखवत नाही,” मी म्हणालो. “सव्वा महिना व्हायचाय.”

ही मात्र बरोबर गोष्ट होती. सव्वा महिना लेकरू बाहेरच्याला दाखवत नाहीत, आग्रह कुणी करत नाही. आमचे लोक कर्ज मागताना कुणाच्या छातीवर बसतील, पण सव्वा महिना म्हटलं की दारातून माघारी फिरतात. माझ्या खोट्याला गावानं स्वतःहून कडी लावली.

आणि मग बायका येऊ लागल्या. बाळंतविडा घेऊन. झबली, टोपडी, दुपटी, वेखंड, बाळगुटीचं साहित्य. कुणी घरची खारीक आणली. ज्यांनी साधनाला कधी ओटी भरायला बोलावलं नव्हतं त्या आल्या. शकुबाईच्या सुनेचं डोहाळजेवण झालं तेव्हा आम्हाला आमंत्रण नव्हतं. भिंत एकच, त्यामुळे गाणी मात्र आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती. त्याच शकुबाईनं साधनाला पाटावर बसवून हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, “पोटचं काय आन् पाळलेलं काय, आई ती आईच असती.”

मी दाराआड उभा होतो. साधना खाली मान घालून बसली होती. आता ही सगळं सांगून टाकणार, असं मला वाटलं. मला तसं व्हायला हवं होतं आणि नकोही होतं. साधनानं पदर सावरला आणि म्हणाली, “झोपलीय आत्ताच. खूप त्रास देते प्यायला.”

‘झोपलीय.’ मी ऐकलं. पिल्लू नर आहे का मादी, हे तोवर कुणी पाहिलंही नव्हतं.

त्यानंतर दारात शिला आली. शिला आमच्या भागाची आशा कार्यकर्ती, जवळच्या तांड्यावर राहणारी, कामाला वाघीण. पण तिच्यावर वरून इतके अहवाल मागितले जातात, की तिला लेकरापेक्षा लेकराचा रकाना आधी दिसतो. तिच्या हातात मोबाईल होता आणि खांद्याला वजनकाट्याची झोळी.

“दादा, तुमच्याकडं नवजात बालक हाय आन् मह्या यादीत न्हाई. वरून बोलणी मला खावी लागत्यात. दाखवा बरं, वजन करते.”

“सव्वा महिना...” मी सुरू केलं.

“मला माहीत हाय दादा, आमच्यातबी तसंच. पण माहिती तर भरू द्या. चांगुणामावशींकडून दूध येतंय ना बरोबर? रडतंय ना? मग अडीच किलो लिहिते.” तिनं अडीच किलो लिहिलं. पिल्लू तेव्हा एका मोठ्या लिंबाएवढं असेल. “मुलगा का मुलगी?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही. आतून साधनाचा आवाज आला.

“मुलगी.”

“नाव ठिवलं का?”

मी आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघत होतो.

“अंजली,” साधना म्हणाली.

मला या नावाची काही कल्पना नव्हती. आमच्या लग्नाला किती वर्षं झाली हे मी मोजत नाही, पण तेवढ्या वर्षांत तिनं हे नाव एकदाही माझ्यासमोर घेतलं नव्हतं. शिलानं मोबाईलवर टिचक्या मारल्या. “झालं दादा. आता लसीचा मेसेज आपोआप येईल.” कागदावर तो जीव आधी करडू झाला आणि मग मुलगी. मांजर म्हणून त्याची नोंद शेवटपर्यंत कुणी घेतली नाही.

त्या संध्याकाळी मी साधनाला विचारलं, “अंजली हे कधी ठरवलंस?” ती म्हणाली, “तुम्हाला काय करायचंय?” आणि पिल्लाचं पोट ओल्या कापसानं पुसत राहिली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं. ते कुठं लिहून ठेवायची सोय आमच्या कुठल्याच फाईलला नाही.

संपतराव फाटकाशी येऊन हळूच म्हणाले, “साहेब, प्रकरण वाढून राहिलं. दत्तकाचा कायदा माहीत हाय का? बालकल्याण समिती हाय, कोर्ट हाय. उद्या पोलीस पाटील विचारील, लेकरू कोणाचं? जन्माचा दाखला कुठाय?”

“तुम्हीच सांगितलं होतं ना!”

“म्या दूध आणायचं सांगितलं. बारसं करायचं न्हाई सांगितलं.”

बारसं मीही सांगितलं नव्हतं. पण शकुबाईनं दिवस काढला, गल्लीतल्या बायकांना निरोप गेले, आणि पाळणा तिनं आपल्या माळ्यावरून उतरवून, धुऊन आमच्याकडे पाठवला. मी साधनाला म्हणालो, “आता थांबवू. सांगतो सगळ्यांना, लेकरू त्याच्या गावी परत नेलं म्हणून.” ती पाळण्याच्या दोऱ्यांना झेंडूची फुलं बांधत होती. “सव्वा महिन्याच्या आत कुणी बघणार नाही,” ती म्हणाली. “नाव घ्यायचं आणि घुगऱ्या वाटायच्या. मग सांगा काय सांगायचं ते. एवढा एक दिवस होऊ द्या.”

हा एक दिवस साधनासाठी काय होता, हे मला तेव्हा पुरतं कळलं. पिल्लाचा जीव तोवर वाचला होता; त्याचे डोळे उघडू लागले होते, निळसर, गढूळ. आता वाचायचा राहिला होता तो तिचा एक दिवस. मी घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले. मांजराच्या बारशाचे हरभरे वरिष्ठ लिपिकानं भिजवले, हे कुठल्याही सेवापुस्तकात येणार नाही, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

बारशाच्या दुपारी घर भरलं. शकुबाईनं मधोमध पाळणा टांगला आणि त्यात दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा ठेवला. लेकराच्या जागी वरवंटा ठेवायची रीत आहे म्हणे, म्हणजे लेकराला नजर लागत नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. वरवंट्याचं नाव अंजली ठेवायला मला कसलीच हरकत नव्हती. साधना मोरपंखी साडी नेसली होती. पिल्लू आतल्या खोलीत, पलंगावर, झबल्यात. गाणी सुरू झाली. साधना हसत होती. मी तिला इतकं मोकळं हसताना बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

तेवढ्यात दारात चांगुणाबाई आली. नवं लुगडं, हातात दुधाची चरवी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला गुंडाळलेला काळा लोकरीचा दोरा. बायकांनी तिला वाट करून दिली. “दूधआई आली!” कुणीतरी म्हणालं.

“लेकरू कुठं हाय?” चांगुणाबाई म्हणाली.

“सव्वा महिना...” मी पुढं झालो.

“दूधआईला सव्वा महिना नसतो साहेब. मह्या दुधावर जगलं ते.” आणि ती सरळ आत गेली. साधना तिच्यामागे धावली. पडदा पडला.

गाणं थांबलं नाही. बायका म्हणत होत्या, मी ऐकत होतो, पडद्यामागून काहीच आवाज येत नव्हता. आरडाओरड झाली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं चांगुणाबाई बाहेर आली. तिच्या मागे दाराला टेकून साधना उभी राहिली आणि तिच्या हातात, झबल्यातून डोकं बाहेर काढून, मांजराचं पिल्लू सगळ्यांकडे बघत होतं.

चांगुणाबाई माझ्याकडेच आली.

“लेकरू म्हन्ले व्हते तुमी.”

मी पाळण्यातल्या वरवंट्याकडे बघितलं.

“मह्या शेळीला एकच करडू. ती तेवढं दूध देती, जास्तीचं न्हाई. त्याला म्या रोज सकाळी दुसऱ्या खुंट्याला बांधून ठिवलं. ते ओरडायचं, आन् मी म्हनायची, थांब बाबा, आई मेलेल्या लेकराला जाऊन राहिलंय, तुला तर आई हाय. त्याच्या बरगड्या निघाल्या साहेब. मांजरासाठी निघाल्या.”

तिनं बोटाचा दोरा सोडला आणि कनवटीला खोचला. चरवी तशीच उचलली. जाताना साधनापाशी थांबली, मान हलवली आणि गेली.

पहिलं हसू कुणाचं होतं ते मला ठाऊक आहे, पण नाव घेत नाही. भिंत अजून एकच आहे. एक हसली तशा सगळ्या हसल्या. पदर तोंडात कोंबून, एकमेकींच्या खांद्यावर पडून. “वरवंट्यापेक्षा बरं हाय, हालतं तरी!” घुगऱ्या मात्र सगळ्यांनी नेल्या. संपतराव बाहेर ओसरीवर पुरुषांना सांगत होते, “मला पहिल्यापासून माहीत व्हतं. पण म्या बोललो न्हाई. म्हन्लं, माणसाची इज्जत हाय.”

दुसऱ्या दिवसापासून बाळंतविडा परत जायला लागला. आधी शकुबाईनं पाळणा नेला. मग दुपट्यासाठी आली. “वापरलं नसंल तर द्या बरं, मह्या भाचीला दिवस गेलेत.” एकीला झबलं हवं होतं, एकीला टोपडं. खारीक मागायलाही एक आली, ती मात्र आम्ही खाऊन टाकली होती. साधनानं प्रत्येक कपडा धुतला, इस्त्री केला, घडी घातली आणि ज्याचा त्याला दिला. कुणाचं कुठलं हे तिला एकदाही विचारावं लागलं नाही. हळदीकुंकवाला बोलावणं येणं पुन्हा बंद झालं. म्हणजे पूर्वी होतं तसंच झालं; पण पूर्वी लोक मागे बोलायचे, आता तिला नळावर बघून कुणीतरी हळूच ‘म्याव’ करतं.

मी सरकीच्या पेंडीचं पोतं घेऊन चांगुणाबाईकडे गेलो. तिनं पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. “ठिवा तिकडं. शेळी खाईल, तिला काय कळतं.” करडू अंगणात उड्या मारत होतं, जरा वाकडंतिकडं. परत निघालो तेव्हा ती मागून म्हणाली, “बाईला म्हनावं, मह्यासमोरून तोंड लपवून जाऊ नको. तिनं काय केलं न्हाई. खोटं तुमी बोललाव.” हे मी साधनाला सांगितलं. त्यावर ती म्हणाली, “मुलगी म्हणून मीच सांगितलं होतं,” आणि भांडी घासायला बसली.

पिल्लाचं म्हणाल तर ते उत्तम आहे. मादी नव्हे, बोका निघाला. दणकट झालाय. डोळे पुरते उघडल्यावर त्यानं जगाकडे एकदा नीट पाहिलं आणि भिंतीवरून उडी मारून संपतरावांच्या घरी राहायला गेला. शकुबाई त्याला माशाचे काटे घालते. संपतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “जायफळावर वाढवलेलं हाय.” कधीतरी तो आमच्या ओट्यावर येतो, साधना हाक मारते, तो शेपटी उभारून निघून जातो. मी टिपणीत लिहिलं होतं तेच बरोबर होतं, असं मला वाटतं. पण मला ते कुणी विचारत नाही.

राहता राहिली अंजली.

मोबाईलवर मेसेज आला: ‘आपल्या बाळाच्या लसीकरणाची तारीख जवळ आली आहे.’ मी शिलाला गाठलं आणि नाव काढून टाक म्हणालो. ती रडकुंडीला आली. “दादा, अडीच किलो मह्या हातानं लिहिलंय. बघितल्याबिगर लिहिलं हे वर कळलं तर मह्यं काम जातं. तुमी आरोग्य केंद्रात जाऊन या, ते काहीतरी करतील.”

तिथल्या बाबूला मी सगळं सांगितलं नाही. चुकून नोंद झालीय, एवढंच म्हणालो. तो माझ्यासारखाच माणूस, कागदाचा. म्हणाला, “एकदा चढलेलं बालक असं उतरत नाही साहेब. दोनच मार्ग. एक, स्थलांतरित; मग कुठल्या गावी गेलं तिथला पत्ता द्या, तिथले लोक शोधत जातील. दुसरा, मयत. एक अर्ज द्या, सही करा, आत्ता काढून टाकतो.”

त्याची अडचण मला त्याच्याइतकीच कळत होती. मी कोरा कागद घेतला, घरी आलो आणि जेवण झाल्यावर साधनासमोर ठेवला. “एवढं लिहून दिलं की मेसेज बंद होतील. मयत लिहायचं. नुसता शब्द आहे.”

साधनानं कागद उलटा केला. त्यावर तिनं वाटी ठेवली. “मेली लिहू नका,” ती म्हणाली.

मी कागद परत नेला नाही. मेसेज येत राहिले. परवा जेवताना पुन्हा आला. मी चष्मा शोधत होतो, तोवर तिनं मोबाईल उचलला आणि वाचला: “अंजली, वय नऊ महिने. गोवराची लस. बुधवार.”

“पुसून टाकतो,” मी हात पुढं केला.

तिनं मोबाईल दिला नाही. परत एकदा वाचला, मनाशी, ओठ हलवत. मग माझ्या ताटापाशी तो सरळ ठेवला आणि म्हणाली, “राहू द्या. कुणीतरी विचारतंय तिला.”